वर्गणीची इस्पितळे

इ. स. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात एक विलक्षण ताप दिसू लागला. मांडवी हा बंदराशेजारचा, धान्याच्या वखारींचा भाग. खाली पोत्यांच्या राशी, वर माणसांची बिऱ्हाडे, आणि दोहोंच्या मध्ये उंदरांचे राज्य, अशी तेथील वस्तीची रचना होती. रोग्याला एकाएकी जबर ताप भरे, जांघेत किंवा काखेत गाठ उठे, आणि थोड्याच दिवसांत बहुतेकांचा अंत होई. मूळचे गोव्याचे डॉक्टर अकासियो व्हिएगस ह्यांनी हे रोगी तपासले आणि हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग, असल्याचे सांगितले. हाँगकाँगमध्ये १८९४ साली ज्या साथीने हाहाकार उडविला, तीच आता मुंबईच्या दारात उभी होती. पुढील दोन दशकांत तिने हिंदुस्थानात लक्षावधी माणसांचे बळी घेतले.

ह्या साथीचा इतिहास पुष्कळदा सरकारची कठोरता आणि प्रजेचा क्षोभ ह्या दोन शब्दांत आटोपला जातो. ते दोन्ही खरे आहेत. परंतु त्यांच्या मध्ये तिसरेही एक प्रकरण आहे व ते सहसा कोणी उलगडून सांगत नाही. सरकारचा हुकूम आणि घराचा उंबरठा ह्यांच्यामध्ये काही माणसे उभी राहिली. त्यांनी आपल्या ज्ञातीत, आपल्या जमातीत, आपल्या पेठेत वर्गणी गोळा केली, जागा मिळविली, डॉक्टर नेमले, आणि रोग्यांकरिता स्वतःची इस्पितळे उघडली. ह्या वर्गणीच्या इस्पितळांनी काय साधले आणि कोठे ती उणी पडली, हे पाहणे बोधप्रद आहे.

प्रथम लोकांचे भय समजून घेतले पाहिजे. ६ ऑक्टोबर १८९६ रोजी मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर स्नो ह्यांनी एक जाहीरनामा काढला. रोग्यास सक्तीने इस्पितळात नेण्याचा व घरे स्वच्छ करण्याचा अधिकार त्यात सांगितलेला होता. रोगी सापडला की त्यास आर्थर रोडवरील इस्पितळात न्यावयाचे, हा क्रम सुरू झाला. त्या काळी सामान्य माणसाच्या मनात इस्पितळ म्हणजे निराधारांनी मरावयाची जागा, अशी समजूत होती. ज्याला घर आहे, आई आहे, बायको आहे, तो इस्पितळात कशाला जाईल? तेथे पाणी कोणाच्या हातचे? अन्न कोणी शिजविलेले? स्त्रीची नाडी परपुरुषाने कशी पाहावयाची? आणि तेथे मरण आले तर अंत्यविधी कोण करणार? ज्यांना हे प्रश्न आज क्षुल्लक वाटतील, त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की प्लेगवर त्या वेळी खात्रीचे औषध नव्हते. रोगी वाचण्याची आशा थोडी, आणि त्या थोड्या आशेकरिता आपल्या माणसाचे अखेरचे दर्शन, अखेरचे पाणी आणि अखेरचा संस्कार गमवावा लागणार, असा हा सौदा होता. तो लोकांनी नाकारला ह्यात नवल नाही.

२९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणीकामगारांचा मोठा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला. दुसऱ्याच दिवशी सक्तीचे नियम पुष्कळ सैल करण्यात आले. ह्या माघारीचे कारण स्नो ह्यांनी पुढे स्पष्ट नमूद केले आहे. शहरातील झाडूवाले आणि हलालखोर भिऊन पळाले असते, तर मुंबई राहण्याजोगी उरली नसती. सरकारचे सारे सामर्थ्य त्या दिवसांत ज्यांच्या झाडूवर अवलंबून होते, ती ही माणसे. त्यांचा विचार पुढे पुन्हा करावयाचा आहे. तूर्त त्यांचे स्मरण मात्र असू द्यावे.

शहर मात्र ओस पडत चालले. १८९१ च्या खानेसुमारीत मुंबईची लोकसंख्या आठ लाख एकवीस हजारांवर होती. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत त्यांपैकी जवळजवळ अर्धे लोक आगगाडीने, गलबताने, पायी, जसे जमेल तसे शहर सोडून गेले, असा त्या वेळचा अंदाज होता. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा मंजूर झाला. हा कायदा अवघ्या काही कलमांचा, परंतु सरकारला जवळजवळ अमर्याद अधिकार देणारा होता. मार्चमध्ये ब्रिगेडियर जनरल गेटेकर ह्यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईसाठी प्लेग समिती नेमली गेली आणि घरझडतीस आरंभ झाला.

गेटेकर हे लष्करी गृहस्थ होते, तरी एक गोष्ट त्यांना लवकर उमगली. शिपायांच्या बळावर रोगी शोधता येतो, परंतु लपविलेले सर्वच रोगी शोधता येत नाहीत. चाळीतील एखाद्या खोलीत तापाने फणफणलेला मुलगा गोधड्यांच्या ढिगाखाली दडविला जाई; मृतास रात्रीच्या रात्री हलविले जाई; मरणाचे कारण काही तरी भलतेच सांगितले जाई. ह्यावर उपाय एकच होता. लोकांनी रोगी आपण होऊन दाखवावा, असे स्थान निर्माण करावयाचे. त्यासाठी निरनिराळ्या समाजांच्या पुढाऱ्यांशी बोलणे झाले आणि ज्या समाजास आपले इस्पितळ काढावयाचे असेल त्यास ते काढू देण्याचे धोरण ठरले.

ह्या व्यवस्थेचे स्वरूप एखाद्या करारासारखे होते. समाजाने खर्च सोसावयाचा, स्वयंपाकी, पाणके व सेवेकरी आपल्यातले ठेवावयाचे, आणि नातलगांस रोग्याजवळ येऊ द्यावयाचे. उलटपक्षी रोगाची खबर लपवावयाची नाही, रोगी घरात ठेवावयाचा नाही, आणि सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यांची देखरेख मान्य करावयाची. सरकारला हवा होता रोग्याचा पत्ता आणि त्याचे विलगीकरण. लोकांस हवी होती अब्रू आणि आपल्या माणसाचा सहवास. दोघांनी आपापले थोडे सोडले आणि दोघांनाही मुख्य वस्तू मिळाली.

ही कल्पना इतक्या त्वरेने मूर्त रूपास आली, ह्याचे कारण तिचे सामान मुंबईत आधीपासून तयार होते. पारशी समाजाची पंचायत शतकाहून अधिक जुनी होती. तिच्या हाताशी धर्मादाय निधी होते व हिशेब ठेवण्याची शिस्त होती. खोजा आणि मेमण ह्यांच्या जमाती होत्या. त्यांच्या वर्गण्या ठरलेल्या होत्या. गुजराती व्यापाऱ्यांची महाजने होती. व्यापाराच्या उलाढालीवर धर्मादायाची लाग काढण्याची चाल त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या होती. ज्या महाजनाला धर्मशाळा आणि पांजरपोळ चालविण्याचा सराव, त्याला इस्पितळ चालविणे अगदीच अपरिचित नव्हते. जागा, धान्य, भांडी, अंथरूणपांघरूण आणि विश्वासाची माणसे ह्यांचा मेळ घालणे, हेच दोन्ही ठिकाणचे काम. फरक एवढाच की येथे डॉक्टर लागत होता, आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातून पन्नास वर्षे शिकून बाहेर पडलेले एतद्देशीय डॉक्टर मुंबईत आता ठिकठिकाणी होते. पारशी, जैन, खोजा, मेमण अशा अनेक समाजांची तात्पुरती इस्पितळे थोड्याच काळात उभी राहिली. काही ठिकाणी बांबूंचा सांगाडा व चटयांच्या भिंती एवढीच इमारत असे. परंतु दारात ओळखीचा मनुष्य उभा असे, आणि रोग्याच्या आप्तांना तेवढे पुरे होते.

वर्गणीच्या ह्या शक्तीचा उपयोग केवळ खाटांपुरता राहिला नाही. डॉक्टर हाफकिन ह्यांनी मुंबईत येऊन ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा जागेत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. लोक मात्र लशीला भीत. सुईतून विष घालतात, धर्म बुडवितात, सरकारला माणसे मारावयाची आहेत, अशा नाना वावड्या उठत. अशा वेळी खोजा इस्माइली जमातीचे प्रमुख, तिसरे आगाखान सुलतान महंमद शाह, हे पुढे आले. त्यांचे वय त्या वेळी जेमतेम वीस वर्षांचे होते. त्यांनी आपल्या अनुयायांदेखत स्वतः लस टोचून घेतली, आणि ती वार्ता सर्वत्र पसरेल अशी तजवीज केली. हजारो खोजांनी त्यांचे अनुकरण केले. हाफकिनच्या प्रयोगशाळेस जागा अपुरी पडू लागली, तेव्हा आगाखानांनी आपला ‘खुश्रू लॉज’ नामक बंगला तिच्यासाठी दिला. पुढे १८९९ साली ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली, आणि १९२५ पासून तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले. आज ज्या संस्थेकडे सर्व देश आदराने पाहतो, तिच्या बालपणी तिला एका जमातीच्या पुढाऱ्याचे छप्पर लाभले होते.

पुण्याची हकीकत अधिक कटू आहे. तेथे प्लेग १८९६ च्या अखेरीस पोहोचला आणि फेब्रुवारीत त्याने उग्र रूप धारण केले. असिस्टंट कलेक्टर वॉल्टर चार्ल्स रँड ह्यांच्या अध्यक्षतेखाली तीन अधिकाऱ्यांची समिती नेमण्यात आली आणि १३ मार्च १८९७ पासून गोऱ्या सोजिरांच्या मदतीने घरझडतीस सुरुवात झाली. सोजिरांच्या बुटांचे आवाज माजघरापर्यंत आणि देवघरापर्यंत पोहोचले. सामान रस्त्यावर टाकले जाई, काही जाळले जाई. स्त्रियांना चारचौघांत उभे करून तपासले जाई. निरोगी माणसांनाही संशयावरून विलगीकरणाच्या छावणीत धाडले जाई. पंडिता रमाबाईंसारख्या विदुषीनेसुद्धा पुण्यातील सरकारी व्यवस्थेविरुद्ध वर्तमानपत्रातून जाहीर तक्रार केली.

ह्या वावटळीत पुण्यातील पुष्कळ संपन्न व प्रतिष्ठित मंडळी गाव सोडून गेली. बाळ गंगाधर टिळक गेले नाहीत, आणि जे गेले त्यांना ‘केसरी’तून त्यांनी खडे बोल सुनावले. जुलुमाविरुद्ध लेखणी चालू होतीच. परंतु रोगी वेगळा ठेवावा लागतो, स्वच्छता राखावी लागते, हे शास्त्र त्यांना मान्य होते. म्हणून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्गणी गोळा करून हिंदू प्लेग इस्पितळ उघडले. टिळक तेथे स्वतः जात, रोग्यांची विचारपूस करीत. विलगीकरणाच्या छावणीत अडकून पडलेल्या कुटुंबांची रोजची मजुरी बुडे व चूल पेटत नसे. त्यांच्यासाठी अन्नछत्राची सोय करण्यात आली. झडतीच्या वेळी सोजिरांबरोबर पेठेतील माहितगार गृहस्थ स्वयंसेवक म्हणून जाऊ लागले, म्हणजे अकारण अपमान टळावा. मुसलमान व पारशी समाजांनीही पुण्यात आपापल्या रोग्यांची अशीच निराळी सोय केली.

ह्या कामाची किंमत पुढे जे घडले त्यावरून कळते. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड ह्यांच्यावर गोळी झाडण्यात आली. लेफ्टनंट आयर्स्ट तत्काळ मरण पावले, व रँड काही दिवसांनी. चाफेकर बंधू फासावर गेले. टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांस अठरा महिन्यांची शिक्षा झाली. त्या खटल्याने देशाचे राजकारण बदलले, आणि त्याच्या प्रकाशापुढे इस्पितळ व अन्नछत्र झाकोळून गेले. तरीही ज्या घरातला मनुष्य त्या खाटेवर बरा झाला, त्या घरी कोणती आठवण अधिक जपली गेली असेल, ह्याची कल्पना करता येते.

गोपाळ कृष्ण गोखले ह्यांचे उदाहरणही ह्याच जातीचे आहे. १८९७ साली विलायतेत असताना त्यांनी पुण्यातील सोजिरांच्या वर्तनाविषयी गंभीर आरोप केले. परत आल्यावर ते आरोप पुराव्याने शाबीत करता येईनात, तेव्हा त्यांनी जाहीर माफी मागितली आणि त्यासाठी स्वकीयांचा रोषही सोसला. पुढच्या साथीत ते स्वतः प्लेगनिवारणाच्या कामात स्वयंसेवक म्हणून उतरले. टिळक आणि गोखले ह्यांचे मार्ग निरनिराळे होते. परंतु आजाऱ्याच्या दारी मात्र दोघेही पोहोचले.

मुंबईतही कारभाराचा कल हळूहळू ह्याच दिशेने वळला. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्याकडील विणकर मुसलमानांच्या वस्तीत एका आजारी मुलीस तपासण्यावरून दंगल उसळली व गोळीबार झाला. त्यानंतर सक्ती उत्तरोत्तर कमी होत गेली. सोजिरांच्या जागी त्या त्या समाजाचे प्रतिष्ठित गृहस्थ, पारंपरिक वैद्य-हकीम आणि स्थानिक समित्या ह्यांच्यामार्फत काम चालविण्याचा प्रघात पडू लागला. जे दोन वर्षांपूर्वी हुकुमाने साधले नव्हते, ते पुष्कळ अंशी सामोपचाराने साधले.

येथवरची हकीकत उत्साहवर्धक आहे. परंतु इतिहास लिहिताना वर्गणीची वही उघडली की तिच्यात कोणाची नावे आहेत ह्याबरोबरच कोणाची नाहीत, हेही पाहावे लागते. ज्ञातीचे इस्पितळ ज्ञातीसाठी. ज्या ज्ञातीत शेठ-सावकार होते, तिला खाटा मिळाल्या. ज्या जमातीचा प्रमुख श्रीमंत होता, तिला बंगला मिळाला. परंतु कोकणातून व देशावरून पोटासाठी मुंबईस आलेला गिरणीकामगार, बंदरावरचा हमाल, आणि ज्याच्या झाडूवाचून शहर राहण्याजोगे उरले नसते तो हलालखोर, ह्यांची ज्ञाती होती, पंचायतही होती. पेटी मात्र रिकामी होती. त्यांना मागचीच दोन ठिकाणे उरली, सरकारी इस्पितळ किंवा गावचा रस्ता. आणि अस्पृश्य मानलेल्या माणसाला सवर्णांच्या वर्गणीच्या इस्पितळाचे दार उघडे नव्हते. ज्या सोवळ्याओवळ्याच्या रक्षणासाठी ही इस्पितळे निघाली, त्याच सोवळ्याने ती अरुंद केली.

ह्या उणिवेला पुण्याजवळच एक उत्तर मिळाले होते. जोतीराव फुले १८९० साली निवर्तले. त्यांच्या पत्नी सावित्रीबाई ह्यांनी सत्यशोधक समाजाचे काम पुढे चालविले होते. १८७६-७७ च्या दुष्काळात उपाशी मुलांच्या पोटापाण्याची व्यवस्था करण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. प्लेग आला तेव्हा त्यांनी आपले दत्तक पुत्र डॉक्टर यशवंतराव ह्यांना बोलावून घेतले. हडपसरजवळ ससाणे ह्यांच्या मळ्यात, गावाबाहेर मोकळ्या हवेत, दवाखाना उघडण्यात आला. तेथे जात विचारली जात नव्हती. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका मुलाला प्लेग झाल्याचे कळताच सावित्रीबाईंनी स्वतः जाऊन त्याला दवाखान्यात आणले, आणि त्या सेवेतच त्यांना रोग जडला. १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. पुण्यात सोजिरांची घरझडती सुरू होण्याच्या तीन दिवस आधी ही घटना घडली. यशवंतरावही पुढे १९०५ साली प्लेगच्याच सेवेत निधन पावले. त्या दवाखान्यामागे महाजनाची लाग नव्हती की जमातीचा निधी नव्हता. एका मित्राच्या मळ्याची जमीन, मुलाची विद्या आणि आईचे हात, एवढेच भांडवल.

वैद्यकशास्त्राच्या आजच्या ज्ञानाने पाहिले असता आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. प्लेगचे जंतू उंदरावरील पिसवांमधून माणसात येतात, हे सिमोन ह्यांनी १८९८ साली कराचीत दाखवून दिले, आणि १९०५ नंतर परळच्या संशोधनाने त्यास बळकटी आली. गाठीचा प्लेग सामान्यतः रोग्याच्या स्पर्शाने पसरत नाही. तो उंदरांच्या घरातून पसरतो. म्हणजे ज्या सक्तीच्या विलगीकरणासाठी एवढा अनर्थ झाला, त्याचा उपयोग समजला गेला त्याहून पुष्कळच कमी होता. उलट वस्ती रिकामी करून माळावर झोपड्यांत राहावयास जाणे, हा उपाय खरोखर गुणकारी होता. पुढे साथीची चाहूल लागली, घरात उंदीर मरून पडू लागले, की महाराष्ट्रातील गावेच्या गावे शेतात झोपड्या घालून राहू लागली. शेजाऱ्याच्या आधाराने झोपडी शाकारणे, विहिरीच्या पाण्याची वाटणी करणे, रिकाम्या घरांवर आळीपाळीने पहारा ठेवणे, हे सारे लोकांनी आपापसांत ठरवून केले.

वीस वर्षांनी दुसरी परीक्षा आली. १९१८ च्या जून महिन्यात मुंबई बंदरावरील पोलीस शिपाई तापाने आजारी पडले. तो इन्फ्लुएन्झा होता; महाराष्ट्रात त्याला मानमोडी हे नाव पडले. पहिली लाट सौम्य गेली. सप्टेंबरातील दुसऱ्या लाटेने मात्र कहर केला. ६ ऑक्टोबर १९१८ ह्या एका दिवसात मुंबईत ७६८ माणसे मृत्यू पावली. पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महाग होते, आणि अनेक डॉक्टर महायुद्धावर गेले होते. एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे दगावली.

ह्या वेळी वर्गणीचे स्वरूप काहीसे पालटलेले दिसते. ज्ञातींची इस्पितळे होतीच, परंतु त्यांच्या जोडीला आता सर्वांसाठी काम करू पाहणाऱ्या संस्था होत्या. गोखल्यांनी १९०५ साली भारत सेवक समाज स्थापिला होता, आणि त्यातील नारायण मल्हार जोशी ह्यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली होती. गिरणगावच्या चाळींची वाट ह्या मंडळींना माहीत होती. अशा संस्थांच्या स्वयंसेवकांनी घरोघर औषध पोहोचविले व आजाऱ्यांची शुश्रूषा केली. मानमोडीवर रामबाण औषध कोणाजवळच नव्हते. ऊब, स्वच्छ पाणी, पातळ अन्न आणि कोणी तरी उशाशी बसणे, एवढ्यानेच कित्येक रोगी तरत. म्हणून ज्याच्या घरी सगळेच अंथरुणास खिळले, त्याच्या दारी पेजेचे भांडे नेणारा मुलगा हा त्या दिवसांत वैद्याच्या तोडीचा होता. सुरत जिल्ह्यात कल्याणजी मेहता व त्यांचे सहकारी ह्यांनी तरुणांच्या पथकांकडून खेडोपाडी औषधे पोहोचविली. तेथील सार्वजनिक जीवनातील कित्येक कार्यकर्त्यांची ही पहिली शाळा ठरली.

तरीही वहीतील रिकाम्या ओळी भरून निघाल्या नाहीत. मुंबई शहरातील १९१८ च्या मानमोडीचे समाजवार मृत्युप्रमाण नमूद आहे. दर हजारी युरोपियनांत ८.३, पारशांत ९, सवर्ण हिंदूंत १८.९, मुसलमानांत १९.२, आणि सरकारी कोष्टकात ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हणून नोंदलेल्यांत ६१.६. हा फरक रोगजंतूंनी केलेला नव्हता. खोलीत माणसे किती, पोटात अन्न किती, आणि आजारात जवळ येणारे कोण, ह्यांनी तो केला. पारशी समाजाचे प्रमाण युरोपियनांच्या जवळ राहिले, त्यात त्या समाजाची सुस्थिती होती आणि त्याच्या जुन्या, सुसंघटित धर्मादायाचा हातभारही असावा. परंतु जो समाज सर्वांत अधिक मेला, त्याच्यासाठी वर्गणी गोळा करील असे श्रीमंत त्याच्यात कोणीच नव्हते. ज्ञातीच्या पेटीवर सारा भार टाकला म्हणजे काय होते, ते ह्या पाच आकड्यांत दिसते.

शतकानंतर, २०२० साली, करोनाची साथ आली तेव्हा हाच धडा मुंबईने निराळ्या रीतीने गिरविला. धारावीत पहिला रोगी १ एप्रिल २०२० रोजी सापडला. आठ लाखांहून अधिक वस्ती, सार्वजनिक शौचालये आणि एकेका खोलीत आठ-दहा माणसे असलेल्या त्या जागी अनर्थ होणार, हे भाकीत सर्वांनी केले होते. महानगरपालिकेने तेथील खाजगी डॉक्टरांना बरोबर घेतले. रोज ज्यांच्याकडे धारावीकर औषध घेत, तेच डॉक्टर आता दारोदार तपासणीस आले. शाळा व सभागृहे विलगीकरणास मिळाली. संस्थांनी व दात्यांनी शिधा व शिजविलेले अन्न पुरविले. जुलैपर्यंत साथ आटोक्यात आली, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचा जाहीर उल्लेख केला. त्याच वर्षी लालबागच्या सार्वजनिक गणेशोत्सव मंडळाने नेहमीचा उत्सव न करता रक्तदानाचे व रक्तद्रव्यदानाचे शिबिर भरविले. टिळकांनी सार्वजनिक उत्सवास चालना दिली १८९३ च्या सुमारास, आणि वर्गणीचे इस्पितळ उघडले १८९७ साली. सव्वाशे वर्षांनी उत्सवाच्या मांडवाने इस्पितळाचे काम केले.

ह्या सर्व वृत्तान्तावरून एक निष्कर्ष निघतो. साथीच्या दिवसांत सरकारजवळ कायदा असतो, द्रव्य असते, शास्त्रज्ञ असतात. परंतु घराचे दार उघडावयास लागणारा विश्वास शेजाऱ्याजवळ असतो. १८९७ साली रँड ह्यांच्या समितीने पहिल्याच्या जोरावर दुसऱ्यावाचून चालविण्याचा प्रयत्न केला आणि तो फसला. परंतु शेजार ज्यांचा रिता आहे, त्यांना केवळ शेजाऱ्यांच्या हवाली केले तर १९१८ चे आकडे पुन्हा लिहावे लागतील. ज्ञातीची वर्गणी लवकर जमते, कारण ती आपल्यांसाठी असते. ती सर्वांसाठी जमू लागेपर्यंत तिच्या उणिवेची भरपाई सार्वजनिक तिजोरीनेच केली पाहिजे.

मुंबईतील व पुण्यातील त्या बांबू-चटयांच्या इस्पितळांपैकी बहुतेकांची आज खूणही उरलेली नाही. साथ ओसरली की ती मोडली जात. ससाण्यांच्या मळ्यातला दवाखानाही उरला नाही. परंतु साथ येते तेव्हा ह्या दोन प्रकारच्या घरांपैकी आपण कोणते बांधतो, आपल्यापुरते की मुंढव्याच्या मुलालाही जागा असलेले, हा प्रश्न मात्र दर वेळी नव्याने पुढे येतो.